अभिमानाची साक्ष, तक्रारीची साक्ष

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉल या छोट्या सभागृहात 'सेक्स पिस्टल्स' या लंडनच्या बँडचा कार्यक्रम झाला. तोवर हा बँड फारसा कोणाला ठाऊक नव्हता. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक तरुणांनी तो कार्यक्रम ठरवला होता. तिकीट ५० पेन्स होते. श्रोते चाळीसच्या आसपास असावेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या मूठभर श्रोत्यांत बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक हे दोन मित्र होते. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली आणि पुढे त्या दोघांच्या पुढाकारातून 'जॉय डिव्हिजन' हा बँड उभा राहिला. कार्यक्रम ठरवणाऱ्या दोघांचा 'बझकॉक्स' हा बँडही लवकरच नावारूपाला आला. एका संध्याकाळीतून एका शहराचे संगीत बदलले, असे या कार्यक्रमाविषयी आता सरसकट लिहिले जाते.

कार्यक्रमाची कीर्ती जसजशी वाढली तसतशी त्याच्या श्रोत्यांची संख्याही वाढत गेली. 'मी त्या रात्री तिथे होतो' असे सांगणारे इतके झाले की ते सगळे खरे मानले तर ते सभागृह पुरणार नाही. डेव्हिड नोलन या पत्रकाराने २००१ साली या कार्यक्रमावर एक पुस्तकच लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'शपथेवर सांगतो, मी तिथे होतो' असा आहे. शीर्षकातली थट्टा उघड आहे. पण थट्टेच्या आड एक गंभीर प्रश्नही आहे. जो कार्यक्रम तासाभरात हवेत विरून जातो, त्याचा इतिहास कोणाच्या शब्दावर लिहायचा?

त्या चाळिसांतल्या एकाने मात्र तिथे असल्याचा पुरावा लगेच मागे ठेवला. त्याच महिन्यात 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाच्या वाचकपत्रांत स्टीव्हन मॉरिसी या सतरा वर्षांच्या मुलाचे या कार्यक्रमाविषयीचे पत्र छापून आले. हाच मुलगा पुढे 'द स्मिथ्स'चा गायक म्हणून ओळखला गेला. त्या पत्रात उत्सुकता आहे आणि थट्टाही आहे. बँडच्या गबाळ्या कपड्यांवर शेराही आहे. आपण इतिहास घडताना पाहिला असा कोणताही आव त्यात नाही. नंतरच्या काळात रचल्या गेलेल्या सगळ्या भारावलेल्या आठवणींच्या तुलनेत हे छोटे पत्र अधिक विश्वासार्ह वाटते. ते का, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

*

योगायोग असा की याच इमारतीच्या मोठ्या सभागृहात दहा वर्षांपूर्वी, १७ मे १९६६ रोजी, रॉक संगीताच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध श्रोतृमत उच्चारले गेले होते. लोकसंगीताच्या चाहत्यांचा लाडका बॉब डिलन विजेच्या गिटारीकडे वळला होता, आणि कार्यक्रम संपत आला असताना अंधारातून कोणीतरी त्याला 'ज्यूडास' म्हणून हाक मारली. ज्याने ख्रिस्ताचा विश्वासघात केला त्याचे नाव! एका शब्दाचे हे परीक्षण ध्वनिमुद्रणात सापडले. ते ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षे चोरट्या प्रतींच्या रूपाने फिरत राहिले, आणि तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधले म्हणून. १९९८ साली ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे खरे स्थळ सर्वतोमुखी झाले. ती हाक नेमकी कोणी मारली यावर मात्र एकाहून अधिक जणांनी हक्क सांगितला. म्हणजे ज्याचा ज्या काळी रागच आला असता असे ओरडणे, तीस वर्षांनंतर मिरवण्याजोगे झाले.

या दोन प्रसंगांवरून चाहत्यांच्या मताविषयी एक साधे वर्गीकरण करता येईल. कार्यक्रमानंतर चाहते जे बोलतात त्यात साक्षीचे दोन प्रकार असतात. एक अभिमानाची साक्ष: मी तिथे होतो, मी ते ऐकले, तुम्ही ऐकले नाही. दुसरी तक्रारीची साक्ष: तिकीट महाग होते, आवाज नीट नव्हता, मला ढकलले गेले, माझी मैत्रीण गुदमरली. पहिल्या साक्षीचे मोल काळाबरोबर वाढते, आणि जिचे मोल वाढते तिच्या बनावट प्रती निघतातच. दुसऱ्या साक्षीला प्रतिष्ठा नसते. 'मला ढकलले गेले' हे खोटे सांगून कोणाचा मान वाढत नाही. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने या दुसऱ्या, कुरकुऱ्या, नीरस वाटणाऱ्या साक्षीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला वाटते. पुढे जे लिहीत आहे ते या एका विधानाची तपासणी म्हणून वाचावे.

*

श्रोत्याने आपले मत स्वतःच छापावे, ही कल्पना रॉकची नव्हे. ती विज्ञानकथांच्या वाचकांची. १९३० च्या दशकात अमेरिकेतले विज्ञानकथाप्रेमी सायक्लोस्टाइल केलेली पत्रके एकमेकांना पाठवत असत. १९४० साली रस शॉवने याने अशा पत्रकांना 'फॅनझीन' हे नाव दिले. १९६६ च्या फेब्रुवारीत स्वार्थमोर कॉलेजात शिकणाऱ्या पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या मुलाने 'क्रॉडॅडी' सुरू केले, तेव्हा हा प्रकार रॉकमध्ये आला. त्याच्या पाठोपाठ व्यावसायिक रॉक-मासिके निघाली आणि श्रोत्यांपैकीच काही जण समीक्षक झाले. एकदा समीक्षक झाल्यावर मात्र ते फुकट प्रवेश आणि फुकट तबकड्या मिळणाऱ्यांच्या वर्गात गेले. रांगेत उभे राहण्याचा त्यांचा संबंध संपला.

पंकने हा संबंध पुन्हा जोडला. जुलै १९७६ मध्ये मार्क पेरी या लंडनच्या बँक-कारकुनाने 'स्निफिन ग्लू' काढले: टंकलिखित मजकूर, जाड पेनाने लिहिलेली शीर्षके, झेरॉक्सच्या प्रती. वर्षभरात ते बंदही झाले, पण तोवर त्याच्या अनुकरणाने गावोगाव अशी पत्रके निघू लागली होती. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातले 'मॅक्सिमम रॉकनरोल' हे १९८२ पासून मासिकाच्या रूपात निघू लागले आणि २०१९ पर्यंत छापले गेले. त्यातला एक नियमित विभाग साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावा असा आहे. गावोगावचे वाचक आपापल्या गावाचा 'वृत्तान्त' पाठवत असत: कोणता बँड नवा आहे, कोणते सभागृह बंद पडले, पोलिस कुठे आले, मारामारी कुठे झाली. गाण्यांच्या गुणदोषांइतकीच जागा या व्यवहाराला असे.

इथे 'पर्यायी' या शब्दाचाही खुलासा करायला हवा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या बाहेर जे रॉक संगीत छोट्या कंपन्या, महाविद्यालयीन आकाशवाणी केंद्रे आणि लहान क्लब यांच्या आधाराने जगत होते, त्याला हळूहळू 'अल्टर्नेटिव्ह' म्हणजे पर्यायी रॉक हे नाव पडले. त्यात शैलीची एकवाक्यता नव्हती. 'आर. ई. एम.'ची मधुर गिटार आणि 'सॉनिक यूथ'चा कर्कश गदारोळ या दोहोंना एकाच छताखाली आणणारी गोष्ट म्हणजे श्रोत्यापर्यंत पोचण्याचा मार्ग. त्यामुळे या संगीताच्या चाहत्याने कार्यक्रमाविषयी मत देताना तिकीट, दरवाजा, जागा आणि गर्दी यांविषयी बोलावे हे स्वाभाविकच होते. त्याच्या दृष्टीने या गोष्टी संगीताच्या बाहेरच्या नव्हत्याच.

*

मराठी वाचकाला हे थोडे परके वाटेल. आपल्याकडे मैफलीच्या आठवणींचे लेखन समृद्ध आहे. गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग'पासून वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'पर्यंत जाणत्या श्रोत्याने किती बारकाईने ऐकावे याचे नमुने आपल्यापुढे आहेत. हा श्रोता रागाविषयी, लयीविषयी, घराण्याविषयी बोलतो. बैठकीत कोण कुठे बसले होते आणि कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागले, हा त्याच्या लेखनाचा विषय क्वचितच होतो.

पण आपल्या भाषेत त्याची एक खूण शिल्लक आहे. संगीत नाटकांच्या काळात इंग्रजी नाट्यगृहाचा 'पिट' मराठीत आला आणि 'पिटातला प्रेक्षक' हा शब्दप्रयोग रुळला. स्वस्त तिकिटाचा, मोठ्याने दाद देणारा, वन्समोअर मागणारा, आणि म्हणून कमी प्रतीच्या अभिरुचीचा, असे सगळे अर्थ त्यात आले. अमेरिकी पंकच्या कार्यक्रमांतही रंगमंचासमोरच्या जागेला पिटच म्हणतात. तिथे उभे राहून श्रोते एकमेकांवर आदळत नाचतात, त्याला 'मॉश पिट' हे नाव आहे. फरक एवढाच की आपण पिटाविषयी लिहिले ते बहुधा पिटाबाहेरून. तिथे पिटातल्याच माणसाने लिहायला घेतले.

*

या लेखनाचा एखाद्या बँडवर किती परिणाम झाला हे पाहायचे तर वॉशिंग्टनच्या 'फुगाझी'कडे वळावे लागेल. ३ सप्टेंबर १९८७ रोजी त्यांनी पहिला कार्यक्रम केला. बँडचा एक गायक इयन मकाय हा १९८० साली स्थापन झालेल्या 'डिस्कॉर्ड' या छोट्या कंपनीचा संस्थापक. त्याआधीच्या बँडमध्ये असताना त्याने पिटातली मारामारी जवळून पाहिली होती. फुगाझीने काही नियम ठरवून घेतले. तिकीट शक्यतो ५ डॉलर. कार्यक्रम सर्व वयोगटांना खुला असावा. अमेरिकेत बहुतेक क्लब दारूच्या विक्रीवर चालतात आणि २१ वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या दुसऱ्या अटीचे महत्त्व कळते. ज्यांचे हे संगीत, त्यांनाच दाराबाहेर ठेवणारी ती व्यवस्था होती.

तिसरा नियम सर्वांत वादग्रस्त ठरला. पिटात कोणी इतरांना इजा होईल असे वागू लागला की मकाय आणि दुसरा गायक गी पिचोटो गाणे थांबवत, त्या माणसाशी माइकवरून बोलत, आणि तरीही तो ऐकेना तर त्याचे ५ डॉलर परत देऊन त्याला बाहेर पाठवत. हे पैसे पाकिटात घालून तयार ठेवलेले असत.

चाहत्यांमध्ये यावरून उघड दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की पंक म्हणजेच बेशिस्त. आदळणे हा नाचाचाच प्रकार आहे आणि त्यात लागले-खरचटले तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. रंगमंचावरून उपदेश ऐकायला आम्ही आलेलो नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की या तथाकथित स्वातंत्र्याचा उपभोग दणकट अंगाची मुलेच घेतात. लहान चणीच्यांना, आणि विशेषतः मुलींना, भिंतीपर्यंत मागे सरावे लागते. पुढे उभे राहून ऐकण्याचे त्यांचे स्वातंत्र्य कोणी हिरावले?

पहिल्या पक्षाचे म्हणणे निकालात काढणे सोपे नाही. ज्या संगीताने 'तू प्रेक्षक राहू नकोस' असे सांगितले, त्यानेच 'तिथे उभा राहा आणि नीट वाग' असे सांगावे यात विसंगती आहेच. फुगाझीच्या कित्येक निष्ठावंत चाहत्यांनाही हे थांबणे कंटाळवाणे वाटे. पण हा वाद कलाकृतीच्या दर्जाविषयीचा नाही, हे इथे ध्यानात घ्यावे. एका बंदिस्त खोलीत अनोळखी माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, हा नागरिकत्वाचा प्रश्न आहे. चाहत्यांचे 'मत' इथे आवडीनिवडीच्या पलीकडे गेले.

*

या प्रश्नाला सर्वांत धारदार रूप मुलींनी दिले. १९९१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन शहर आणि वॉशिंग्टन राज्यातले ऑलिंपिया या देशाच्या दोन टोकांच्या ठिकाणांमधून 'रायट गर्ल' या नावाने ओळखली गेलेली चळवळ आकाराला आली. तिच्या केंद्रस्थानी 'बिकिनी किल' आणि 'ब्रॅटमोबाइल' हे बँड होते, आणि त्यांच्या बरोबरीने हाताने लिहिलेली, कात्रणे चिकटवलेली, झेरॉक्स केलेली पत्रके होती. टोबी वेलचे 'जिगसॉ' आणि ॲलिसन वुल्फ व मॉली न्यूमन यांचे 'गर्ल जर्म्स' ही त्यांतली दोन. या मुली आधी श्रोत्या होत्या. पिटात आपल्याला काय सोसावे लागते हे लिहिता लिहिता त्यांनी वाद्ये हाती घेतली.

बिकिनी किलची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रम सुरू होण्याआधी मुलींना पुढे येण्यास आणि मुलांना मागे सरकण्यास सांगत असे. पुढे आलेल्या मुलींना गाण्यांचे शब्द छापलेले कागदही वाटले जात. ही कृती साधी, पण तिच्यामागे एक पूर्ण समीक्षा आहे. रंगमंचासमोरची जागा ही निसर्गाने वाटलेली नाही. ती ताकदीने घेतली जाते, म्हणून ती विचाराने परत वाटता येते. यावरही वाद झाला. पैसे देऊन आत आलेल्या मुलांना हा अन्याय वाटला आणि काही कार्यक्रमांत हॅनाला थेट शिवीगाळ आणि धमक्या सोसाव्या लागल्या.

त्याच सुमारास पर्यायी रॉक 'पर्यायी' उरले नव्हते. 'निर्व्हाना'चा 'नेव्हरमाइंड' सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने अमेरिकी विक्रीयादीत मायकल जॅक्सनला मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. चाळीस श्रोत्यांच्या खोलीतून हे संगीत क्रीडांगणांवर गेले. ३० ऑक्टोबर १९९२ रोजी निर्व्हानाचा कार्यक्रम ब्वेनोस आइरेसच्या एका भव्य फुटबॉल-मैदानावर होता. त्यांच्याआधी 'कॅलॅमिटी जेन' हा केवळ स्त्रियांचा बँड वाजवणार होता. गर्दीने त्यांच्यावर वस्तूंचा आणि शिव्यांचा मारा करून त्यांना वाजवू दिले नाही. संतापलेल्या कर्ट कोबेनने त्या रात्री आपल्या सर्वांत लोकप्रिय गाण्याचे सुरुवातीचे स्वर पुन्हा पुन्हा छेडून गर्दीला हुलकावणी दिली आणि ते गाणे शेवटपर्यंत वाजवलेच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या 'इन्सेस्टिसाइड' या संग्रहासोबतच्या टिपणात त्याने स्पष्ट लिहिले की ज्यांना स्त्रियांचा, समलिंगी व्यक्तींचा किंवा वेगळ्या वर्णाच्या माणसांचा द्वेष वाटतो त्यांनी आमच्या कार्यक्रमांना येऊ नये.

इथे मत देण्याची दिशा उलटली. आजवर चाहते बँडविषयी मत देत होते, आता बँडने चाहत्यांविषयी मत दिले. पण त्यासाठी लागणारी भाषा त्याला चाहत्यांनीच, विशेषतः त्या पत्रकांतल्या मुलींनी, पुरवली होती. कोबेन ऑलिंपियात राहिलेला होता आणि तिथल्या या वर्तुळाशी त्याचा निकटचा संबंध होता.

*

क्रीडांगणांबरोबर दुसरी तक्रारही मोठी झाली. ती तिकिटांची. १९९४ साली सिॲटलच्या 'पर्ल जॅम'ने तिकीट २० डॉलरच्या आत ठेवण्याचा निश्चय केला. तिकीटविक्री करणारी 'टिकेटमास्टर' ही कंपनी त्यावर जे सेवाशुल्क लावत असे, ते त्यांना मान्य नव्हते. त्यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याकडे मक्तेदारीची तक्रार केली आणि ३० जून १९९४ रोजी बँडमधले स्टोन गोसार्ड व जेफ अमेंट यांनी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. इथे 'साक्ष' हा शब्द अगदी कायदेशीर अर्थाने घ्यायचा. रांगेत उभ्या असलेल्या चाहत्याची कुरकुर संसदेच्या दप्तरात नोंदली गेली.

परिणाम मात्र निराशाजनक झाला. जुलै १९९५ मध्ये न्याय खात्याने ही चौकशी बंद केली. दरम्यान त्या कंपनीला टाळून दौरा आखण्याच्या प्रयत्नात बँडला गैरसोयीच्या जागा निवडाव्या लागल्या आणि त्याचा भार चाहत्यांवरच पडला. २४ जून १९९५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये सुमारे पन्नास हजार लोक जमले असताना आजारी गायक एडी व्हेडर सात गाण्यांनंतर निघून गेला. नील यंगने उरलेला कार्यक्रम सांभाळला, तरी गर्दीने नाराजी लपवली नाही. तत्त्व चाहत्यांच्या हिताचे, पण त्याची किंमतही चाहत्यांनीच मोजायची, हा पेच तेव्हा सुटला नाही. टिकेटमास्टर २०१० साली 'लाइव्ह नेशन' या कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीत विलीन झाली, आणि मे २०२४ मध्ये त्याच न्याय खात्याने या संयुक्त कंपनीवर मक्तेदारीचा खटला दाखल केला. मधे तीस वर्षे गेली. तक्रारीची साक्ष कमी चमकदार असते, पण ती लवकर शिळी होत नाही.

*

त्या साक्षीला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, ३० जून २००० रोजी, पर्ल जॅम डेन्मार्कमधल्या रोस्किल्डे महोत्सवात वाजवत होते. पाऊस पडून गेला होता, जमीन निसरडी होती, समोर हजारोंची गर्दी होती. रंगमंचाजवळ काही जण पडले आणि मागून येणाऱ्या दाबामुळे त्यांना उठता आले नाही. काय घडते आहे हे कळल्यावर बँडने वादन थांबवून लोकांना मागे सरकण्याची विनंती केली. तोवर उशीर झाला होता. नऊ तरुणांचा मृत्यू झाला.

या ठिकाणी आपल्या वर्गीकरणाची खरी कसोटी लागते. त्या वर्षीच्या दौऱ्यात पर्ल जॅमने एक अभिनव प्रयोग केला होता. चाहते चोरट्या, निकृष्ट ध्वनिमुद्रणांसाठी भरमसाट पैसे मोजतात हे पाहून त्यांनी दौऱ्यातल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे स्वतःच माफक किमतीत प्रसिद्ध केली. एकूण ७२ कार्यक्रम अशा रीतीने उपलब्ध झाले. 'मी तिथे होतो' या अभिमानाचा जणू प्रत्येकाला आपापला पुरावा मिळाला. कोणत्या रात्रीचे कोणते गाणे सरस, यावर चाहते आजही बारकाईने वाद घालू शकतात. त्या ७२ मध्ये रोस्किल्डेची रात्र नाही, आणि ती नसावी हे योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की ज्या रात्रीविषयी जाणून घेणे सर्वांत निकडीचे, तिचा आधार गाण्यांच्या संग्रहात नसून तिथे असलेल्यांच्या बोलण्यात आहे. कोण कुठे उभे होते, दाब कुठून आला, मदतीची हाक पुढे पोचायला किती वेळ लागला. यातले काहीही संगीतसमीक्षेच्या रूढ परिभाषेत बसत नाही. तरीही त्या कार्यक्रमाविषयी याहून महत्त्वाचे काहीही सांगता येणार नाही.

रोस्किल्डेच्या महोत्सवाने पुढे रंगमंचासमोरची जागा कठड्यांनी विभागली आणि गर्दीच्या नियमनाची पद्धत बदलली. पिटाविषयीच्या ज्या कुरकुरीला वीस वर्षे 'रसभंग' म्हटले गेले होते, तिच्यात जीवनमरणाचा प्रश्न दडलेला होता हे त्या रात्रीनंतर कोणाला सांगावे लागले नाही. ते आधी का ऐकले गेले नाही, असे विचारता येईल. माझ्या मते त्याचे उत्तर इतकेच की ती तक्रार करणारे बहुधा मागे ढकलले गेलेले होते, आणि इतिहास पुढे उभ्या असलेल्यांनी सांगितला.

*

आता या साक्षी जपून ठेवल्या जात आहेत, ही समाधानाची बाब आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात रायट गर्ल चळवळीच्या कागदपत्रांचा स्वतंत्र संग्रह आहे. एके काळी वर्गात बाकाखालून फिरवलेली ती पत्रके आता हातमोजे न घालताही, पण नीट परवानगी काढून, संशोधकांना पाहता येतात. फुगाझीने ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम केला. त्यांनी आपल्या हजाराहून अधिक कार्यक्रमांपैकी आठशेहून अधिकांची ध्वनिमुद्रणे जपली होती, आणि डिसेंबर २०११ पासून ती लोकांसाठी खुली करायला सुरुवात केली. सुचवलेली किंमत तीच, ५ डॉलर. त्यात फसलेल्या रात्री आहेत, बिघडलेली वाद्ये आहेत, आणि गाणे थांबवून गर्दीशी घातलेले ते जुने वादही आहेत. प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीला जुने श्रोते आपली तिकिटे, छायाचित्रे, आठवणी जोडत राहतात.

इथे एक आक्षेप घेतला जाईल. तक्रारीची साक्ष अधिक विश्वासार्ह हे म्हणणे फार सरळसोट नाही का? तक्रार करणाराही अतिशयोक्ती करतो, जुने हिशेब चुकते करतो. हे मान्य आहे. शिवाय बँडवर रागावलेल्या चाहत्याची तक्रार, म्हणजे 'ज्यूडास'सारखी हाक, पुढे अभिमानात रूपांतरित होऊ शकते हे आपण पाहिलेच. म्हणून माझे विधान मी थोडे आवरून मांडतो. कलावंताविषयीची तक्रार आणि जागेविषयीची तक्रार यांत फरक करायला हवा. पहिली अभिरुचीच्या क्षेत्रात मोडते आणि अभिरुचीबरोबर बदलते. दुसरी माणसाच्या शरीराविषयी बोलते, आणि तिला बदलायला फारसा वाव नसतो. ज्याचा श्वास कोंडला त्याला तीस वर्षांनीही तो कोंडलाच होता.

साहित्याच्या अभ्यासात आपण वाचकाच्या प्रतिसादाला आता पुष्कळ महत्त्व देतो. पण आपल्या कल्पनेतला वाचक एकटा, खुर्चीत बसलेला, सुरक्षित असतो. उभ्या गर्दीतला श्रोता तसा नसतो. त्याचा प्रतिसाद शेजारच्याच्या कोपरावर अवलंबून असतो. मँचेस्टरच्या त्या सतरा वर्षांच्या मुलाने कपड्यांविषयी लिहिले, ऑलिंपियातल्या मुलींनी जागेविषयी लिहिले, सिॲटलच्या वादकांनी तिकिटाविषयी सांगितले. यांपैकी कोणीही आपण समीक्षा लिहितो आहोत असे म्हटले नसते. पण कार्यक्रम कसा झाला, या प्रश्नाचे पुरे उत्तर त्यांच्याशिवाय मिळत नाही.

पुढल्या वेळी एखाद्या मैफलीची, नाटकाची किंवा संमेलनाची आठवण वाचताना आपणही हा प्रश्न विचारून पाहावा. आठवण सांगणारा कुठे बसला होता? आणि जो मागे उभा होता, त्याने काही लिहून ठेवले आहे का?